सिस्टरांच्या अंगणातला चमकीचा गणपती

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीने पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, दारू पितोस का तेही विचारलं नाही. व्हरांड्यात खुर्चीवर बसून, चष्मा नाकावर खाली ओढून पहिला प्रश्न टाकला,

"आंघोळीला किती बादल्या?"

मी म्हटलं, "दोन."

"कशाला? म्हैस आहेस?"

"एक," मी म्हटलं.

"एक. आणि ते पाणी मोरीतून सरळ माझ्या केळींना जातं. म्हणून साबण मी देईन तोच. तुझा तो वासाचा नको. केळीला पुरळ येतं."

केळीला पुरळ येतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पण भाडं परवडणारं होतं, म्हणून मान डोलावली. अशी माझी त्या घरात ॲडमिशन झाली. हा शब्दसुद्धा त्यांचाच. भाडेकरू आला की ॲडमिशन, गेला की डिस्चार्ज. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, तरी रत्नागिरीतली आमची सगळी आळी त्यांना सिस्टरच म्हणायची. मीही तेच म्हणायचो. खरं नाव लाईटच्या बिलावर वाचलं होतं, पण ते त्यांना शोभत नव्हतं.

आता मी लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. कंपनीच्या बसमध्ये पोरं म्हणतात, "सिस्टर कर ना, सिस्टर." मी त्यांचा आवाज काढतो. बस हसते. पण त्या आवाजाने एकदा मी केवढा घोळ घातलाय ते बसला माहीत नाही. ते सांगतो, पण आधी बाई कशी होती ते कळायला हवं.

सकाळी सहाला राउंड. पांढरी साडी नाही, साधा गाऊन आणि वर टॉवेल, पण चाल अशी की मागून चार शिकाऊ नर्सेस येतायत असं वाटावं. हातात पळी. मागच्या पडवीत तीन बादल्या होत्या, त्यांच्यावर पळी वाजवत जायचं. पहिली ओली, दुसरी सुकी आणि तिसरी संशयित. बिस्किटाचं चकचकीत पाकीट, चहाची पिशवी, ज्याच्यात कागद आहे की प्लास्टिक ते कळत नाही असं सगळं संशयितात. रविवारी त्या स्टुलावर बसून एकेका वस्तूची तपासणी करायच्या. ताणून बघायच्या, वास घ्यायच्या, कोपरा फाडायच्या.

"ही चहाची पिशवी बघ. वरून कागद आणि आतून प्लास्टिकचा धागा. लबाड आहे. तू आणतोस?"

"दुकानात देतात, सिस्टर."

"दुकानात विषसुद्धा देतात."

परसात चिऱ्यांचे दोन खड्डे होते कंपोस्टचे. एकाचं नाव जनरल, दुसऱ्याचं स्पेशल. जनरलमध्ये पालापाचोळा. स्पेशलमध्ये माशांचं डोकं-शेपूट, वर राख, वर माती. त्या खड्ड्यांचा रोज ताप घ्यायच्या. थट्टा नाही, खरंच थर्मामीटर खुपसून. हात घातला तर चटका बसेल एवढं खत तापायचं, आणि माणसांचं ते यंत्र एकशेआठच्या वर नुसती आडवी रेघ दाखवायचं. रेघ दिसली की सिस्टर खूश.

"माणूस इतका तापला की मी पदर खोचून धावायच्ये. हा तापला की चहा पित्ये."

आणि झाडांना सलाईन! हे बघायला तर रस्त्यावरची माणसं थांबायची. मांडवीच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या त्या रोज फिरायला जाताना उचलून आणायच्या, बूच भोकसून उलट्या टांगायच्या, आणि खाली आंब्याच्या कलमाच्या बुंध्याशी थेंब थेंब. मे महिन्यात बाग बघितली तर वाटायचं, कलमांना गॅस्ट्रो झालाय. घड्याळ बघून थेंब मोजायच्या. "मिनिटाला वीस. तीस झाले तर बूच आवळ. ओव्हरहायड्रेशन होतं."

एकदा मी विचारलं, "सिस्टर, एवढं कशाला? टाकून द्यायचं ना सरळ."

"टाकून द्यायचं म्हणजे कुठे?"

"कुठेतरी."

"कुठेतरी नावाचं गाव मला नकाशात दाखव. मग मी तिथे टाकीन."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोस्टमनला ऐकवलेलं, नगरसेवकाला ऐकवलेलं. नगरसेवकाने तर खरंच खिशातून फोन काढला, नकाशा उघडायला.

त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीला मी स्वतः हजर होतो. शेजारच्या वहिनींकडे नातवाचं बारसं. जेवायला त्या चमकदार कागदाच्या पातळ पत्रावळी. सिस्टर आल्या त्या कापडी पिशवीतून स्वतःचं स्टीलचं ताट, वाटी, भांडं घेऊन. पंगतीत बसून खाडकन ताट मांडलं. वहिनींचं तोंड आंबट झालं.

"सिस्टर, आमच्याकडे काय ताटं नाहीत असं वाटेल हो लोकांना."

"नाहीतच ना. मग वाटू दे."

पंगत हसली. पण आमटी आली, आणि पत्रावळी तळातून भिजून लाडात आल्यासारख्या मऊ पडल्या. एका बाईच्या पैठणीवर आमटीची नदी. दुसऱ्याच्या मांडीवर मठ्ठा. सिस्टर मधोमध बसून मुकाट भात कालवतायत, थेंब नाही सांडला. तिसऱ्या दिवशी वहिनी आमच्या दारात. "सिस्टर, तुमच्याकडे जास्तीची ताटं आहेत का हो? आमच्या नणंदेकडे मुंज आहे." मग काय, आळीत जुनी ताटं गोळा झाली, साठेक. ज्याच्याकडे कार्य त्याने न्यायची, राखेने घासून आणायची. परत आली की सिस्टर एकेक ताट उजेडात धरून बघणार आणि म्हणणार, "हे परत घास. याला अजून इन्फेक्शन आहे."

तर अशी बाई. आणि मी असा. मी कोण, तर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला असलेला, संगमेश्वरकडचा, आणि एकच कला अंगात: आवाज काढणे. शाळेत असताना दाराआडून हेडमास्तरांचा खोकला काढायचो तर अख्खा वर्ग उभा राहायचा. एसटी स्टँडवरची बाई काढायचो. मच्छीमार्केटातली भांडणं, दोन्ही बाजू. सिस्टरांचा आवाज मला पंधरा दिवसांत बसला. सोपा होता. सुरुवात अगदी मऊ, "काही नाही रे बाळा, मुंगी चावल्यासारखं होईल," आणि पुढच्याच वाक्यात सुई. पण त्यांच्यासमोर कधी काढला नव्हता. तेवढी अक्कल होती.

आता गणपती. सिस्टरांचा गणपती वीतभर, शाडूचा. रंग नाही. गेरूचं सोवळं, हळदीचा हात, डोळ्याला काजळ, संपलं. विसर्जन अंगणात, तांब्याच्या घंगाळात. दोन दिवसांत मूर्ती विरघळायची, वरचं पाणी जास्वंदीला, आणि खालची माती सुकवून, फडक्यात बांधून पुन्हा कारखान्यात. कारखाना म्हणजे नानांचा, वरच्या आळीत. आपल्याकडे रीतच आहे, आपला पाट आधी नेऊन द्यायचा आणि त्या पाटावर आपला गणपती घडतो. सिस्टर पाटाबरोबर मातीही द्यायच्या. त्याच मातीचा पुन्हा गणपती. बारा वर्षं. त्यांचे यजमान गेले त्या वर्षापासून.

"दरवर्षी नवीन देव कशाला?" त्या म्हणायच्या. "जुना बरा आहे. ओळखीचा आहे."

नाना बिचारे कुरकुरायचे. बाकी सगळ्यांच्या मूर्तींवर रंगाची गन चालायची त्यांची, आणि या एका पाटासमोर हात बांधून बसायचं.

तर झालं काय, श्रावणात सिस्टरांच्या फोनची काच फुटली. नवीन फोन घेतील तर त्या सिस्टर कसल्या! मला म्हणाल्या, दुरुस्त कर. मी फोन दुकानात नेला, काच बसवली. संध्याकाळी दोन मित्र दुकानात आले, चहा झाला, आणि एकाने म्हटलं, "तुझ्या सिस्टरांचा आवाज काढ." मी काढला. "असा नाही, खऱ्या माणसासमोर काढ." हातात फोन सिस्टरांचा. यादीत नानांचा नंबर. झालं. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं.

"नाना, सिस्टर बोलत्ये."

"बोला सिस्टर! पाट तयार आहे हो."

"काही नाही, यंदा जरा रंग काढा म्हणत्ये. निळं सोवळं करा. मुकुट सोनेरी. आणि चमकी लावा."

नाना म्हणाले, "चमकी? तुम्हाला?"

"बारा वर्षं साधा नेला. देवालापण कंटाळा येतो. ऑर्डर म्हणजे ऑर्डर."

नाना जे हसले! मला वाटलं, ओळखलं म्हाताऱ्याने. मित्र जमिनीवर लोळत होते. म्हटलं, उद्या जाऊन सांगू, गंमत केली. उद्या दुकानात गर्दी होती. परवा विसरलो. आणि नाना हसले होते ते आनंदाने, हे मला कुठे माहीत?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आणि सिस्टर मूर्ती आणायला गेलो. नानांनी रुमाल असा उचलला, जशी नवरी दाखवतात. निळं सोवळं, ऑईलपेंटचं. मुकुटावर सोनं. आणि सोंडेपासून पायापर्यंत चमकी, की बल्बच्या उजेडात बघवेना.

"कसा झालाय?" नाना म्हणाले. "बारा वर्षं वाट बघितली हो या दिवसाची."

"नाना, हे काय?" सिस्टरांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणजे? तुम्हीच नाही का फोन केलात? निळं सोवळं, सोनेरी मुकुट. चमकी म्हणालात. ऑर्डर म्हणजे ऑर्डर म्हणालात."

मला वाटलं आता स्फोट होणार. पण सिस्टरांनी पिशवीतून फोन काढला, चष्मा पुसला आणि यादी खाली खाली सरकवत नेली. थांबल्या. होताच तिथे. नानांना फोन, तीन मिनिटं. त्यांच्याच फोनवरून.

"हो," त्या म्हणाल्या. "केलेला दिसतोय मी." आणि पाट उचलायला वाकल्या.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं मी. नाही बोललो. कारण काय? घाबरलो. खोली जाईल, आळीत अब्रू जाईल. म्हटलं घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हटलं पूजा होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजले, पळी वाजली नाही. मी मुद्दाम चिप्सचं पाकीट ओल्या बादलीत टाकलं. उघड्यावर, डोळ्यांत भरेल असं. दिवसभर तिथेच. कोणी मला म्हैस म्हटलं नाही. मखरात देव झगमगतोय आणि घरात आवाज नाही. आरतीला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "अय्या सिस्टर, केवढा गोड दिसतोय यंदा!" सिस्टर नुसत्या हसल्या. टोमणा नाही, काही नाही.

तिसऱ्या दिवशी त्या पायरीवर बसून वहीत लिहीत होत्या. मी सहज डोकावलो. 'सात वाजता गॅस बंद केला. दूध तापवलं. गोळी घेतली.' पुढे तारीख, वार. पेशंटचा चार्ट लिहायच्या तशाच अक्षरात त्या स्वतःचा लिहीत होत्या.

"काय रे," त्यांनी विचारलं, "तू घरात होतास का रे मी नानांना फोन केला तेव्हा? काय बोलल्ये मी?"

आणि मी गाढव काय म्हणालो? "सिस्टर, देवानेच केला असेल फोन, त्याला नवे कपडे हवे असतील." त्या हसल्यासुद्धा नाहीत. वहीत खाली बघून म्हणाल्या, "वॉर्डात बघितल्येत मी अशी माणसं. सुरुवात अशीच होते. लहानसं काहीतरी विसरतात आणि आपण हसतो."

चौथ्या दिवशी त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. मुंबईला मुलाशी. त्याला यंदा सुट्टी नव्हती. "तू म्हणतोस तसं करू. येत्ये मी तिकडे. हो, कायमची. एकटीनं राहायला आता मला माझा भरवसा नाही. घराचं गिऱ्हाईक बघ." मुलगा चौदाव्या मजल्यावर राहतो. तिथे सिस्टर ताप कुणाचा घेणार? लिफ्टचा?



पाचव्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली. अंगणात घंगाळ भरून तयार. वहिनी वाटली डाळ घेऊन आलेल्या. सिस्टर मूर्ती हातात घेऊन नुसत्या उभ्या. ऑईलपेंट त्या घंगाळात घातला तर बारा वर्षांची माती गेली, आणि समुद्रात सोडायचा तर आयुष्यभर जे बोलल्या ते गेलं. शेवटी म्हणाल्या, "नेऊन सोड मांडवीला. आता काय फरक पडतो."

मी म्हटलं, "सिस्टर, तो फोन मी केलेला."

"गप रे."

"खरंच. काच बसवायला फोन दिला होतात ना, त्या दिवशी. दुकानातून. तुमचा आवाज काढून."

"माझी समजूत काढू नको. मी चौतीस वर्षं लोकांची समजूत काढल्येय, मला कळतं कशी काढतात ते."

माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. मी डोळे मिटले, आणि काढला.

"नाना, सिस्टर बोलत्ये. काही नाही, यंदा जरा रंग काढा म्हणत्ये..."

सगळं बोललो, चमकीपर्यंत, कंटाळ्यापर्यंत. डोळे उघडले तर वहिनींच्या हातातली डाळ कलंडून जमिनीवर, आणि सिस्टर मान तिरकी करून ऐकतायत, छातीला नळी लावून ऐकावं तशा.

"परत बोल," त्या म्हणाल्या.

मी परत बोललो.

"'ऑर्डर म्हणजे ऑर्डर' असं मी म्हणत्ये?"

"रोज," मी म्हटलं.

"रोज," वहिनी म्हणाल्या.

सिस्टरांनी मूर्ती पाटावर ठेवली. पायरीवर बसल्या. आणि हसायला लागल्या. कसं हसल्या म्हणून सांगू! खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, वहिनी पाठ चोळायला धावल्या. "मी नाही विसरले! अगो, मी नाही विसरले! हा मेला..." आणि मग ते वाक्य मध्येच थांबलं. हसू गेलं. त्या उठल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका नर्सने मला थोबाडीत मारली.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या. "पाच दिवस मी स्वतःला मरताना बघत होत्ये."

मी मान खाली घालून उभा राहिलो.

मग त्याच म्हणाल्या, "उभा काय राहिलास? चमचे आण. बोथट बघून आण."

"कशाला?"

"ड्रेसिंग करायचंय. हा रंग असा घंगाळात जायचा नाही."

वहिनी कळवळल्या. "सिस्टर, देवाला खरवडायचं?"

"उत्तरपूजा झाली ना? देव गेला त्याच्या घरी. जाताना अंगावरचं मागे ठेवून गेलाय, ते उतरवायला आपल्याला सांगून गेलाय. तू चमचा घेत्येस हातात की जात्येस?"

वहिनी बसल्या. मी बसलो. मधे पाट, खाली जुनं वर्तमानपत्र, आणि तिघं खरवडतोय. सोन्याचे पापुद्रे निघत होते, निळ्या साली निघत होत्या, खालून ती राखाडी ओळखीची माती दिसायला लागली. चमकी मात्र जाता जात नव्हती. माझ्या भुवईत गेली, वहिनींच्या नथीत. ते सगळं संशयित बादलीत भरलं. मातीही दोन मुठी गेली त्यात. पुढे नानांनी उरलेल्या मातीत बोटं घालून बघितलं आणि "चालेल" म्हणाले, थोडेसे रुसूनच, पण म्हणाले. मुलाला फोन त्याच संध्याकाळी गेला होता. गिऱ्हाईक बघू नको. तू फ्लॅट विकतोस का बघ.

पण मला आठवतं ते खरवडणं. सिस्टर एकदम म्हणाल्या, "विचार मला काहीतरी. अवघड विचार."

"काय विचारू?"

"थांब, मीच सांगत्ये. फिमेल वॉर्ड, माझी पहिली ड्युटी. एक नंबरला राजापूरची बाळंतीण, जुळं झालेलं, दोन्ही मुलगे. दोनला विंचू चावलेली. तीनला टायफॉईड, रोज मला तिची बांगडी द्यायला बघायची. चारला..."

चमचा चालतोय आणि खाटा चालल्यायत. पाच, सहा, सात. कोणाला काय झालेलं, कोण कुठली, कोणाची सासू वॉर्डात भांडायला यायची. पाय पसरून, पदराने घाम पुसत, लग्नात उखाणा घ्यावा तशा सांगत होत्या. वहिनी बोटांवर मोजत होत्या. दहा. अकरा. बाराला भाजलेली मुलगी, वाचली. तेराला कोणी जायला तयार नसायचं, म्हणून तिथे बँडेजं ठेवायचे.

"चौदा," सिस्टर म्हणाल्या. "चौदा..."

चमचा थांबला. वहिनींचं बोट तसंच राहिलं. घंगाळातल्या पाण्यावर एक सोनेरी कण तरंगत होता तो सिस्टरांनी उगाच बोटाने टिपला.

"चौदा रिकामी होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो.

"रिकामीच होती, सिस्टर," मी म्हटलं.

"हां. मग पंधरा," त्या म्हणाल्या, आणि चमचा पुन्हा चालू झाला. "पंधराला देवरूखची एक म्हातारी. काय द्वाड होती सांगू..."